संगीत आणि शस्त्रक्रियापूर्व चिंता

शस्त्रक्रियेआधी वाटणारी धास्ती संगीताने कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. त्यांपैकी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची 157 रुग्णांवरील चाचणी (2019) विशेष बोलकी आहे. हात किंवा पाय बधिर करणारे इंजेक्शन टोचण्याआधी तीन मिनिटे काहींना शिरेतून मिडाझोलम हे शामक दिले. इतरांना हेडफोनवर मार्कोनी युनियनची ‘वेटलेस’ ही संथ रचना ऐकवली. चिंता दोन्ही गटांत जवळपास सारखीच ओसरली. मात्र औषध घेतलेले रुग्ण अधिक समाधानी होते आणि हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणे अवघड गेले. रचना रुग्णांनी निवडलेली नव्हती, ही त्यातली मोठी उणीव. तरीही मिडाझोलमने श्वास मंदावू शकतो. संगीतात ती जोखीम नाही, म्हणून वृद्धांसाठी हा पर्याय मोलाचा ठरतो.