आवाज इंजिनाचा, आळ पान्यावर



इंजिन घरीच खोललं, हेड पॅकिंग बदललं, टॅपेट लावले, परत जोडलं. सुरू केलं तर आत कुणीतरी हातोडी मारतंय असा आवाज! अशा वेळी घरातले सगळे एकाच माणसाकडे बघतात, ज्याच्या हातात पाना होता त्याच्याकडे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका इंजिनिअरवर हीच पाळी आली होती. फरक इतकाच की त्याच्याकडे घर नाही, मोटारधंदा बघत होता.

त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. ओहायो राज्यातल्या शेतकऱ्याचा पोरगा, जन्म १८७६. डेटन गावात १९०९ साली त्याने डेल्को कंपनी काढली. तेव्हा मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. हँडलने उलटा झटका दिला की मनगट गेलंच (जुन्या डिझेल इंजिनाचं हँडल मारलेल्यांना हे वेगळं सांगायला नको). केटरिंगने बॅटरीवरचा सेल्फ स्टार्टर केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. ठिणगी पाडायची बॅटरीवरची इग्निशनसुद्धा त्याचीच.

आणि मग चढाला इंजिनं ठोकायला लागली. टणटण, जणू सिलिंडरमध्ये कुणी गोट्या टाकल्यात. लोकांनी सरळ हिशोब केला: आधी आवाज नव्हता, नवी इग्निशन आली, आवाज आला. म्हणजे दोष इग्निशनचा. वरवर बघितलं तर हिशोबात चूक दिसत नाही. पण त्याच काळात इंजिनाचं कॉम्प्रेशन वाढत होतं आणि पेट्रोलची प्रत खालावत होती, हे त्या हिशोबात कुणी धरलंच नव्हतं.

या गोष्टीचा पुढचा भाग शेतावरचा आहे. अमेरिकेतल्या खेड्यांत तेव्हा वीज पोचली नव्हती. १९१६ पासून डेल्को-लाईट नावाचा संच शेतघरांसाठी विकला जाऊ लागला. छोटं इंजिन, जनरेटर आणि ३२ व्होल्टच्या बॅटऱ्या. हे इंजिन रॉकेलवर चाले, आणि ते तर मोटारीपेक्षा जास्त ठोकायचं. आपल्याकडे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचे पंप ज्यांनी चालवलेत, त्यांच्या कानात हा आवाज अजून असेल. केटरिंगने हे काम थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरकडे सोपवलं.

मिजलीने केलेली गोष्ट साधी, पण तोवर फारशी कुणी केलेली नव्हती. आवाजावरून तर्क लढवत बसण्याऐवजी त्याने सिलिंडरच्या आतला दाब नोंदवायची सोय केली. पुष्कळांची समजूत अशी होती की इंधन ठिणगीच्या आधीच पेट घेतं, म्हणून ठोका बसतो. नोंदीत दिसलं उलटंच. ठिणगी वेळेवर पडते, दाब नीट चढायला लागतो, आणि मग मध्येच एकदम उसळी मारतो. आज आपल्याला माहीत आहे की जाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. रॉकेल तसं लवकर भडकतं, म्हणून ते जास्त ठोकतं. म्हणजे इग्निशन निर्दोष, गुन्हेगार इंधन.

पुढची गंमत ऐका. केटरिंग आणि मिजलीला एक रानटी झुडूप ठाऊक होतं, लालसर पानांचं, थंडी सरता सरता लवकर फुलणारं. त्यांनी तर्क केला की लाल रंग उष्णता धरत असेल. मग रॉकेल लाल केलं तर? हाताशी रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. आवाज बंद! नंतर खरे लाल रंग आणून टाकले, तर काडीचा फरक नाही. उपाय लागू पडला, पण कारण साफ चुकीचं होतं. त्यांनी रंग टाकून बघितला नसता तर लाल रंगाची कथाच खरी म्हणून चालली असती. आपल्याकडे औषध फवारलं, कीड गेली, म्हणून औषध लागू पडलं असं म्हणताना शेजारचा न फवारलेला पट्टा किती जण बघतात?

आयोडीन महाग पडे आणि लोखंड खाई. पाच वर्षं एकामागून एक पदार्थ तपासत डिसेंबर १९२१ मध्ये ते शिशाच्या एका संयुगापर्यंत पोचले. चिमूटभर टाकलं की ठोका गायब. १९२३ पासून ते पेट्रोल पंपावर विकायला आलं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार दगावले. तरी ते थांबलं नाही. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं आणि जगात सगळ्यात शेवटी, २०२१ मध्ये, अल्जेरियात. मधली पंच्याहत्तर-ऐंशी वर्षं रस्त्याकडेच्या पोरांनी ते श्वासातून घेतलं. केटरिंग-मिजलीच्या हुशारीचं कौतुक करताना माझा हात इथे आखडतो. मद्यार्काने ठोका कमी होतो हे त्यांना माहीत होतं, म्हणजे दुसरी वाट होती.

आता आपलं डिझेल इंजिन. इथे गणित उलटं आहे. डिझेल पेटायला उशीर करतं, तेवढ्यात जास्त डिझेल आत साचतं आणि सगळं एकदम पेटतं, म्हणून ठोका. त्यामुळे घरी खोलून जोडलेलं इंजिन ठोकत असेल, तर आधी ठरवा की आवाज जळण्याचा आहे की लोखंडाचा. एक सिलिंडरचं इंजिन थोडं वेगात घ्या आणि डिझेल तोडा. फ्लायव्हीलच्या जोरावर ते काही क्षण फिरत राहील. आवाज त्याच क्षणी गेला तर बहुधा जळण्याचा. इंजिनाच्या निम्म्या वेगाने हलकं टकटक चालूच राहिलं तर टॅपेटची गाळणी बघा, म्हणजे फिलर गेज घालून फट मोजा. जड ठकठक लोड दिल्यावर वाढत असेल तर इंजिन लगेच बंद करा. बेअरिंगचा संशय असताना 'एवढं पाणी देऊन होऊ दे' म्हणू नका, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

आवाज जळण्याचा निघाला तर नोझल तपासा आणि डिझेल पंपाखालच्या पत्र्या आठवा. बऱ्याच इंजिनांत पंपाच्या बैठकीखाली पातळ पत्र्या असतात आणि त्यांच्या जाडीवर टायमिंग ठरतं. धुताना एखादी पत्री फडक्याबरोबर निघून गेली, तर पंप कॅमच्या जवळ येतो, डिझेल लवकर पडतं आणि इंजिन ठोकतं. पंप काढतानाच पत्र्या मोजा आणि तारेत ओवून ठेवा. बदलायची असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि दर वेळी इंजिन चालवून ऐका.