साऱ्याच्या पावतीतून निघालेली मालकी

वैनगंगेच्या खोऱ्यात जुन्या मोठ्या जमीनदार घराला मालगुजाराचं घर म्हणतात. वाडा, धानाच्या बांध्या, बोड्या आणि गावावरचा वचक, सगळं त्या एका नावात येतं. नावाचा मूळ अर्थ मात्र इतकाच: 'माल' म्हणजे सरकारी सारा आणि फारसीतला 'गुजार' म्हणजे तो भरणारा. सारा भरणारा माणूस गावाचा धनी कसा झाला, या प्रश्नाने मला बालाघाटच्या मालकीच्या मुळाशी नेलं.

नागपूरच्या भोसल्यांच्या अमलात सरकार गावाच्या पटेलाशी साऱ्याचा ठराव करी. ठराव थोड्या मुदतीचा असे आणि रक्कम जमली नाही तर गाव दुसऱ्याकडे जाई. गाव विकायचा हक्क पटेलाला नव्हता. 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत आणि 1867 मध्ये बालाघाट जिल्हा झाला. त्याच दशकातल्या बंदोबस्ताने, म्हणजे सारा ठरवण्याच्या इंग्रजी व्यवस्थेने, पटेलाला मालक ठरवलं. आता तो गाव विकू शकत होता, गहाण टाकू शकत होता. सावकाराला गावात शिरायला वाट मिळाली ती इथून.

इंग्रज अधिकाऱ्यांची बाजू अशी, की मालकी आधीपासून होतीच, आम्ही तिची फक्त नोंद केली. या म्हणण्याला बळ देणारं उदाहरण बालाघाटातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक या पोवार पुढाऱ्याने परसवाड्याच्या पठारावर गावं वसवली. ज्याने रान मोडलं त्याची जमीन, हा दावा मला खोटा वाटत नाही. पण रान एकट्या नाईकाने मोडलं नव्हतं, बांध्या घालणारी कुळंही होतीच. आणि त्याच डोंगराळ भागात गोंड आणि बैगा आधीपासून होते. बैगांची बेवर म्हणजे झाडोरा जाळून राखेत बी टाकायचं, नांगर लावायचा नाही, काही वर्षांनी जागा सोडायची. अशा शेतीला मालकाच्या रकान्यात जागाच नव्हती.

मालकी बंदोबस्तानेच दिली, या माझ्या मताचा खरा पुरावा बंदोबस्ताच्याच कागदांत आहे. पटेल आधीपासून मालक असता, तर इतके अपवाद करावे लागले नसते. ज्या शेतकऱ्यांचा कब्जा जुना आणि पक्का होता त्यांना 'मालिक-मकबूजा' केलं, म्हणजे गाव मालगुजाराचं, पण त्यातला तुकडा यांचा. काही कुळांना मालगुजारालाही सहजी उठवता येणार नाही असा कब्जा दिला. शिवाय जळाऊ लाकूड, चराई असे निस्ताराचे हक्क गावाच्या 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये, म्हणजे रूढींच्या नोंदपत्रात, लिहिले. एकाच शिवारावर इतके हक्कदार नोंदवणाऱ्यांना पूर्ण मालक सापडलाच नव्हता. त्यांनी तो साऱ्याच्या पावतीवरून नेमला, असं मी ठामपणे म्हणतो.

हा थरांचा गुंता 1950 च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने सोडवायला घेतला. 31 मार्च 1951 रोजी जंगल, हाटबाजार, पडीक जमीन सरकारजमा झाली. सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरशेतीची जमीन, घर, वाडी मालगुजाराकडे राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये कायदा उचलून धरला. एवढं सर्वांना ठाऊक असतं. माझं लक्ष तळ्यांच्या कलमावर खिळलं. गावठाणाबाहेर, कुणाच्या वहिवाटीत नसलेल्या जमिनीवर मालगुजाराचं तळं असेल, तर ते त्याच्याकडे कधी राहणार? त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाचाही त्या पाण्यावर सिंचनाचा हक्क नसेल तरच. खर्च कुणी केला, हे इथे विचारलेलं नाही. पाणी कोण घेतं, एवढंच विचारलं आहे. 1860 च्या दशकात वापरणाऱ्यांना मागे सारून भरणारा मालक झाला होता. इथे वापरणाऱ्यांमुळे मालकाचा हक्क गेला, जरी तळं शेवटी त्यांचं न होता सरकारचं झालं.

1956 मध्ये शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बावनथडी नदीपलीकडे, भंडाऱ्याच्या बाजूला, मालगुजारांच्या या तळ्यांना 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. नदीच्या अलीकडे, मध्य प्रदेशात, 1959 च्या भू-राजस्व संहितेने वाजिब-उल-अर्ज कायम ठेवलं. जी जमीन किंवा जे पाणी सरकारच्या मालकीचं नाही, त्यावरच्या सिंचनाच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढी त्यात नोंदवायच्या असतात.