उंच चिमणीची जुनी पळवाट

कोळसा जळतो तेव्हा त्यातले गंधकही जळते आणि सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. या वायूचे करायचे काय, याची दोन उत्तरे वीजनिर्मितीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिली गेली. एक, तो केंद्रातच धरून ठेवायचा. दुसरे, चिमणी उंच बांधून तो लांब सोडून द्यायचा. वेगवेगळ्या देशांचे आकडे शेजारी मांडले की दुसऱ्या उत्तराचा फोलपणा कळतो. चिमणी उंचावल्याने वायूचा पत्ता बदलला, त्याचे वजन एका टनानेही घटले नाही.

ब्रिटनला पहिले उत्तर फार लवकर सापडले होते. लंडनच्या बॅटरसी केंद्रात १९३०च्या दशकातच धूर धुतला जात असे. थेम्सचे पाणी खडूची भुकटी मिसळून तप्त वायूवर फवारायचे आणि गंधक त्या पाण्याबरोबर काढून टाकायचे. पद्धतीत खोट होती. धूर गार आणि ओला होऊन आसपासच उतरे आणि धुवण नदीत जाई. पण ही खोट दूर करण्याऐवजी पुढच्या पिढीने मार्गच बदलला. डिसेंबर १९५२च्या धुरक्यात लंडनमध्ये किमान चार हजार माणसे मेली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याचा मुख्य रोख घराघरांतल्या शेगड्यांच्या काळ्या धुरावर होता. नवी वीजकेंद्रे शहरांबाहेर गेली, चिमण्या दोनशे मीटरच्या पलीकडे पोचल्या. लंडनची हवा सुधारली, हे खरेच. मात्र १९७० साली ब्रिटन साठ लाख टनांहून अधिक सल्फर डायऑक्साइड हवेत सोडत होता. स्वांते ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच दाखवून दिले होते, की स्कँडिनेव्हियातल्या तळ्यांचे पाणी आम्ल होते आहे ते दूरच्या देशांतून वाऱ्याबरोबर येणाऱ्या गंधकामुळे. तरीही १९८५च्या हेलसिंकी कराराला, म्हणजे १९८०च्या पातळीवरून तीस टक्के कपातीला, ब्रिटनने सही दिली नाही.

पश्चिम जर्मनीने तोवर वेगळी वाट धरली होती. जंगले वाळू लागल्याच्या भीतीने लोक हादरले आणि १९८३ साली मोठ्या भट्ट्यांसाठी नियम निघाला. वायू बाहेर पडण्याआधी त्यावर चुनखडीची भुकटी मिसळलेल्या पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे गंधकाचे जिप्सम होते आणि ते बांधकामाला उपयोगी पडते. त्यासाठी १९८८ची मुदत ठरली आणि ती पाळली गेली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: देश आधी श्रीमंत होतो, मग स्वच्छता परवडते. ब्रिटनने खाणी आणि कारखाने बंद केले, कोळशाऐवजी नैसर्गिक वायूवर वीज काढली, म्हणून त्याचे आकडे खाली आले, असेही म्हटले जाते. ब्रिटनपुरते त्यात तथ्य आहे. पण चीनचा दाखला हा आक्षेप टिकू देत नाही. २००१ ते २००५च्या योजनेत चीनने दहा टक्के कपात जाहीर केली आणि उत्सर्जन उलट सव्वापटीच्या पुढे गेले. पुढच्या पाच वर्षांत तेच उद्दिष्ट पार पडले, कारण आता धूर धुणाऱ्या केंद्राच्या विजेला जादा दर मिळू लागला आणि यंत्र खरोखर चालते की नाही हे चिमणीवरच मोजले जाऊ लागले. त्या काळात चीनची कोळशाची खपत वाढतच होती आणि देश जर्मनीइतका श्रीमंत मुळीच नव्हता. उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेल्या २०१७च्या एका अभ्यासानुसार २००७ नंतर चीनचे उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, भारताचे ५० टक्क्यांनी वाढले.

वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारा भारताचा नियम डिसेंबर २०१५चा. दोन वर्षांची मुदत होती; ती पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, जेमतेम अर्धा टक्का, हे समर्थन खोटे नाही. पण त्याच कोळशात राख भरपूर आणि उष्णता कमी, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. शिवाय चिमणीतून निघालेला वायू हवेतच सल्फेटचे बारीक कण बनतो आणि शेकडो किलोमीटर जातो. स्वीडनच्या तळ्यांनी हेच दाखवले होते.

खर्चाचा प्रश्न उरतो आणि तो लहान नाही. पण खर्च असूनही धूर धुता येतो, याचा दाखला महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर आहे. चिकूच्या बागांच्या डहाणू तालुक्यातल्या पाचशे मेगावॅटच्या केंद्राला सुमारे २७५ मीटरची चिमणी पहिल्यापासून होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने ती पुरेशी मानली नाही. १९९९ मध्ये धूर धुण्याचा आदेश निघाला आणि २००७ साली तिथे समुद्राच्या पाण्याने धूर धुतला जाऊ लागला.