शिकल आणि शक्कल

साताऱ्या-सांगलीकडे शिकलगार हे आडनाव सहज भेटते. अरबीत 'सैकल' म्हणजे तलवारींना झिलई देणारा कारागीर. फारसीने त्याला 'गर' जोडला, आणि जादूगरचा जादूगार झाला तसा मराठीत सैकलगरचा शिकलगार झाला. 'सि'चा 'शि' करणे ही मराठी जिभेची जुनी खोड. सिपाही, सिक्का, सिलाहदार यांचे तिने शिपाई, शिक्का, शिलेदार केले. त्यातल्या सिलाहचा अर्थच हत्यार, म्हणजे शिलेदार आणि शिकलगार एकाच तळावरचे.

शिकल (म्हणजे झिलई) आणि शक्कल मात्र सख्ख्या नव्हेत. शक्कल अरबी 'शक्ल'वरून आली. त्याचा अर्थ आकार, रूप. हिंदी-उर्दूत शक्ल रूप-चेहऱ्यावरच थांबली, मराठीने मात्र ती डोक्यात नेली आणि 'लढवायला' घेतली. आकारावरून युक्तीकडे झालेला हा प्रवास मला फार आवडतो, कारण धातूवर हात चालवणाऱ्याला आकार आणि युक्ती वेगळ्या काढताच येत नाहीत.

बंदुकीचा घोडाच पाहा. (फ्रेंच या भागाला कुत्रा म्हणतात, जर्मन कोंबडा, प्राणी सगळ्यांनाच सुचला.) घोडा मागे ओढला की त्याच्या खाचेत लहानसे पोलादी टोक अडकते, चाप दाबला की निसटते. पूर्वी असे भाग शेगड्यात धरून कानशीनेच बेतत. कानस पुढे ढकलताना कापते, म्हणून मागे आणताना हात हलका ठेवायचा. भरड, बास्टर्ड, मुलायम असे कानशींचे दात बारीक होत जातात आणि शेवटी तेल लावलेला दगड येतो. कानशीपर्यंतचे काम शक्कल, दगडाचे काम शिकल.

घोड्याच्या खाचेत मात्र दोघींची हद्द पुसली जाते. चाप हलका व्हावा म्हणून कोणी तिथे नुसती झिलई करायला बसला आणि खाचेचा कोन किंचित कलला, तर घोडा धक्क्यानेही सुटू शकतो. अशा भागांवर पुष्कळदा कडक केलेल्या पोलादाचा पातळ थरच असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू लवकर झिजतो, आणि घासलेले परत भरता येत नाही. जुने उस्ताद शिकाऊ पोराच्या हाती असला भाग लवकर का देत नसत, ते यावरून कळते.

तलवारी गेल्या, तसे शिकलगारांचे हात सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. 'शिकल करणे' आता बोलण्यात क्वचितच येते. 'शक्कल' रोज लढवली जाते.