‘भापूश्र’ची कुळकथा

मराठी माणसाच्या ऑनलाइन बोलण्यात सर्वांत जास्त शिव्या खाणारे लघुरूप बहुधा ‘भापूश्र’ हे असावे. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे हे आखूड रूप. गावाच्या, भाऊबंदकीच्या किंवा दहावीच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी गेल्याची बातमी येते आणि तिच्याखाली भापूश्र, भापूश्र, भापूश्र अशी रांग लागते. मग कोणीतरी वैतागून विचारतो, माणूस गेलाय, दोन शब्द पुरते लिहायला काय जाते? हिशेबच मांडायचा तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला मधल्या जागेसकट वीस कळा दाबाव्या लागतात आणि ‘भापूश्र’ला सात. दुःखात तेरा कळांची बचत होते.

या लघुरूपावरचा ठरलेला आरोप असा की ही इंग्रजीची नक्कल आहे : ‘आरआयपी’ आणि ‘एचबीडी’ लिहून बोटांना लागलेले वळण मराठीत शिरले. इंग्रजीत हे वळण जुने आहे, यात वाद नाही. ‘ओके’ हे १८३९ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात एका मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगच्या गमतीतून जन्मले आणि ‘ओएमजी’ हे १९१७ साली ॲडमिरल फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडते. पण ‘भापूश्र’ या घराण्यातले नाही, आणि त्याचा पुरावा त्या शब्दाच्या अंगावरच आहे. इंग्रजी लघुरूप शब्दातला पहिला वर्ण उचलते. मराठी लघुरूप पहिले अक्षर उचलते, तेही काना-मात्रा-अनुस्वार-जोडाक्षरासकट. नक्कलच असती तर ‘भपश’ झाले असते. इथे ‘भा’चा काना, ‘पू’चा ऊकार आणि ‘श्र’मधला रकार जागच्या जागी आहेत. ‘अंनिस’मध्ये अनुस्वार टिकतो, ‘शेकाप’मध्ये मात्रा टिकते. ही रीत इंग्रज येण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचा एक ठळक टप्पा खानदेशातल्या चाळीसगाव तालुक्यात आहे.

भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ ११५० सालचा. त्याच्या चार भागांपैकी ‘बीजगणित’ या भागात अव्यक्त राशीला, म्हणजे आज शाळेत ज्याला ‘क्ष’ म्हणतात त्याला, ‘यावत्तावत्’ असे नाव आहे. एकाहून अधिक अव्यक्ते असली की पुढच्यांना रंगांची नावे : कालक, नीलक, पीतक, लोहितक. ही लांब नावे समीकरणात पुन्हा पुन्हा कोण लिहिणार? म्हणून या, का, नी, पी, लो. वर्गासाठी ‘व’, घनासाठी ‘घ’, करणीसाठी ‘क’ आणि सुट्या संख्येसाठी ‘रूप’ या शब्दातला ‘रू’. तेव्हा ‘याव २ या ५ रू ७’ असे लिहिले की अव्यक्ताच्या वर्गाची दुप्पट, अव्यक्ताची पाचपट आणि सात इतकी बेरीज झाली. वजा संख्येच्या डोक्यावर टिंब. रूपांची आणि अव्यक्तांची आद्याक्षरे ओळखीसाठी लिहावीत, अशी सूचनाच ग्रंथात आहे. ‘ओळखीसाठी’ हे विसरता कामा नये. लघुरूप वापरायचे, पण ते कशाचे आहे हे आधी सांगून ठेवायचे, असा तो शिस्तीचा कारभार होता.

भास्कराचार्य या रीतीचे जनक मात्र नव्हेत. १८८१ साली पेशावरजवळ मिळालेल्या बक्षाली हस्तलिखितात बेरजेसाठी ‘यु’ आणि मुळासाठी ‘मू’ आहे, आणि ते हस्तलिखित त्यांच्या आधीचे आहे. खानदेशचा हक्क वेगळ्या कारणाने सांगता येतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा शिलालेख आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, असे हा लेख सांगतो. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि त्यात मठाला बाजारातून मिळायच्या उत्पन्नाचा तपशील आहे. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी ते पाटणच्या आसपास शोधतो, कोणी बीडकडे, कोणी विजापूरकडे. खानदेशी अभिमान अर्थातच पाटणच्या बाजूचा. पण या कुळकथेला त्या वादाचे सोयरसुतक नाही. जन्म कुठलाही असो, भास्कराचार्यांची पोथी शिकवण्याची शाळा पाटणला होती, आणि ती पोथी शिकणारा विद्यार्थी या, का, नी लिहिल्यावाचून पुढे सरकूच शकत नव्हता.

पाटणच्या मठातून ही सवय घराघरात कशी पोचली? इथे साखळीत मोठी फट आहे, आणि ती बुजवायला सर्वांत लायक उमेदवार पंचांग आहे. भास्कराचार्यांच्या परंपरेतले लोक गणिती होते तसेच ज्योतिषी होते, आणि ज्योतिषाचा रोजचा माल म्हणजे पंचांग. पंचांगाच्या बारीक रकान्यांत पूर्ण शब्द मावत नाहीत. तिथे वार र, सो, मं, बु, गु, शु, श असेच येतात. पंधरवडे शु. आणि व. असे येतात. या वारांमध्येही तोच नियम दिसतो : ‘सो’ची मात्रा आणि ‘मं’चा अनुस्वार सुटत नाही. गावचा जोशी पंचांग वाचे आणि गावचा कुळकर्णी दप्तर लिही, ही दोन्ही कामे लिहित्या-वाचत्या थोड्याच घरांत फिरत. तेव्हा रीत पोथीतून पंचांगात आणि पंचांगातून दप्तरात गेली, असे मानायला फारशी अडचण नाही.

याविरुद्ध मत असे की मोडी दप्तरातली लघुरूपे फारसी कारभारातून आली. या मताला आधार आहे. ‘प॥’ म्हणजे परगणा, ‘क॥’ म्हणजे कसबा, ‘त॥’ म्हणजे तर्फ. शब्द सगळे फारसी-अरबी वळणाचे. एरंडोल, सावदा, यावल, थाळनेर, नंदुरबार हे खानदेशातले परगणे मोडी कागदांत असेच दोन दंड लावून येतात. पण फारसी हिशेबनिसांची सियाक पद्धत संपूर्ण शब्दच पिळून त्याची एक आकृती बनवते. पहिले अक्षर घेऊन बाकीचे सोडत नाही. शब्द फारसी असला तरी तो कापण्याची रीत इथलीच आहे. नियमाला एक खोडकर अपवादही आहे. मुसलमानी महिन्यातल्या तारखेआधी येणारा ‘छ’ हा ‘चंद्र’ असा वाचतात. मग तो ‘चं’ का झाला नाही? बहुधा लेखणीच्या वेगात ‘चं’चे वळण बदलत गेले आणि पुढच्यांनी ते ‘छ’ म्हणून गिरवले. असे शेकडो कागद ज्यांनी वेचले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे आहे. मराठीत थोरांचे नावसुद्धा ‘वि. का.’ अशा दोन अक्षरांवर भागते, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

छपाई आली तेव्हा दोन दंड गेले आणि इंग्रजी पूर्णविरामाचा ठिपका आला. देवनागरीचे स्वतःचे लाघवचिन्ह, म्हणजे अक्षरापुढचे बारीक शून्य, हिंदीने अजून थोडेफार जपले आहे. मराठीने ठिपका पत्करला. सा. न. वि. वि., ति., चि., गं. भा., क. लो. अ., ता. क. ही सगळी मंडळी ठिपका लावूनच पत्रात बसली. १८७९ च्या जुलैत एक पैशाचे पोस्टकार्ड निघाल्यावर त्यांची चलती आणखी वाढली, कारण कार्डावर जागा तळहाताएवढी आणि मजकूर घरभराचा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याची दोन शकले झाली आणि पुढची सुमारे ५४ वर्षे पत्ता असा लिहिला गेला : मु. पो. अमळनेर, जि. पू. खा.; मु. पो. शिरपूर, जि. प. खा. पूर्व खानदेशाचा १९६० मध्ये जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशाचा धुळे. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर ‘पू. खा.’ अजून भेटते, आणि आजचा विद्यार्थी ते खाण्याशी जोडून हसतो.

पत्रातल्या या लघुरूपांवर कोणी चिडल्याचे ऐकिवात नाही. ‘शि. सा. न.’ म्हणजे डोके जमिनीला टेकवून केलेला नमस्कार. तो वडिलांना तीन अक्षरांत उरकलेला चालत होता, मग श्रद्धांजली तीन अक्षरांत का चालत नाही? याची दोन कारणे दिसतात. पहिले, ‘सा. न. वि. वि.’च्या खाली पत्र असे. ‘भापूश्र’च्या खाली काहीच नसते. दुसरे कारण ठिपका. दोन दंड, शून्य किंवा ठिपका ही खूण वाचणाऱ्याला सांगे की हा शब्द नव्हे, याची घडी उलगडून वाच. फोनच्या कळफलकावर ठिपका शोधायचा कंटाळा आला, तो गळाला आणि तीन आद्याक्षरे मिळून एक विचित्र शब्द उभा राहिला. ‘भा. पू. श्र.’ वाचताना ओठ अजून ‘भावपूर्ण’ म्हणतात. ‘भापूश्र’ वाचताना शिंक आल्यासारखे वाटते.

जळगावात याचा अस्सल नमुना आहे. १९९० साली सुरू झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ ‘उमवि’ म्हणून रुळले होते. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. नाव मोठे, मथळ्याची जागा लहान. काही दिवसांतच वर्तमानपत्रांनी आणि विद्यार्थ्यांच्या गटांनी ‘कबचौ उमवि’ करून टाकले. ज्या कवयित्रीचा मान म्हणून नाव लांबवले, तिचेच ‘कबचौ’ झाले. यावर कुरकुर करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची बाजू खरी आहे. पण त्यातल्या बहुतेकांनी मूळजी जेठा महाविद्यालयाला आयुष्यभर ‘एमजे’च म्हटले.

‘एमजे’ हे दुसऱ्या घराण्यातले. त्याचे मूळ तारेत आणि रेल्वेत. तारेत शब्दामागे पैसे पडत, आणि रेल्वेच्या तारायंत्रासाठी स्टेशनांना लहान रोमन खुणा मिळाल्या : भुसावळ बीएसएल, धुळे डीएचआय आणि जळगावला दोनच अक्षरे, जेएल. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी २०२० पर्यंत धावली, आणि त्या भागात ती ‘पीजे’च होती. आज गाडीच्या मागच्या काचेवर आणि इन्स्टाग्रामच्या नावापुढे ‘एमएच १९’ लिहिणारा पोरगा याच घराण्याचा वारस आहे. जळगावसाठी १९, धुळ्यासाठी १८, आणि १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबारसाठी ३९.

तिसरे घराणे सर्वांत उनाड. ‘जे१ झालं का?’ हा प्रश्न गेल्या दशकभरात मराठी समाजमाध्यमांवर इतका उगाळला गेला की तो विचारणेच चेष्टेचे झाले. ‘१’चा उच्चार इंग्रजीत ‘वन’, म्हणून जे आणि वन मिळून जेवण. इंग्रजीत ‘जीआर८’ लिहून ‘ग्रेट’ वाचतात, तीच ही तऱ्हा. ती इथे का रुजली, याचे कारण तांत्रिक आहे. मोबाइलच्या एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरे १६० मावत, पण देवनागरी लिहिले की मर्यादा ७० वर येई. म्हणून मराठी पोरांनी मराठी रोमनमध्ये लिहिली आणि तीही कातरून. तार खात्याने शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली तोवर अंकाने शब्दाचे काम करणे पोरांच्या हातात मुरले होते.

पण ‘जे१’ कुठले? पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे, हे सर्वमान्य उत्तर. त्यात एक खोट आहे. ‘वन’मध्ये न आहे आणि ‘जेवण’मध्ये ण. प्रमाण मराठी कानाला हे यमक लंगडे लागते. अहिराणीत मात्र ण टिकत नाही. पाणी ‘पानी’ होते, कोण ‘कोन’, आणि जेवण सरळ ‘जेवन’. धुळ्याच्या माणसाने ‘जेवन’ म्हटले की त्यात इंग्रजी ‘वन’ जसाच्या तसा ऐकू येतो. तेव्हा ‘जे१’चा जन्म खानदेशात झाला, हा दावा कानाच्या जोरावर करता येतो. दोन आक्षेप मात्र वजनदार आहेत. वऱ्हाडातही ‘पानी’च पितात आणि मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत ‘जेवन’च करतात, मग मान एकट्या खानदेशाला का? आणि रोमन लिपीत ण आणि न यांना एकच अक्षर असते, म्हणजे सदाशिव पेठेतल्या मुलानेही टंकताना ण आधीच गमावलेला असतो. पहिल्या आक्षेपाला उत्तर नाही. दुसऱ्याला आहे : कोटी सुचते ती कानाला, लिपी नंतर येते.

वाद मिटवायला एक तारीख पुरेल. धुळे, शिरपूर, चोपडा, पारोळा इथल्या कपाटांत साध्या कळांचे जुने हँडसेट अजून पडून असतील. ज्यांच्याकडे असा फोन असेल त्यांनी तो भंगारात देण्याआधी एकदा चार्ज करून त्यातले संदेश पाहावेत, आणि ‘जे१’ असलेला संदेश सापडला तर तारखेसकट त्याचा फोटो काढून ठेवावा.