ग्रंथपाल घडवणारा भारतातला पहिला वर्ग बडोद्यात का सुरू झाला?

ग्रंथपालांना रीतसर प्रशिक्षण देणारा भारतातला पहिला वर्ग १९११ मध्ये बडोद्यात सुरू झाला, असं मानलं जातं. तो सुरू करणारे विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन हे अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी त्यांना १९१० मध्ये बडोद्याला बोलावून घेतलं होतं.

एका संस्थानाला परदेशातून ग्रंथपाल आणायची गरज का पडली?

याचं उत्तर शाळांमध्ये आहे. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण मुलगा चार इयत्ता शिकून शेतावर गेला आणि गावात वाचायला काहीच नसेल, तर काही वर्षांत तो अक्षरं विसरणार. म्हणजे शाळेवरचा खर्चही वाया. त्यामुळे गावोगावी ग्रंथालयं हवीत, असं ठरलं. पुस्तकं विकत मिळतात, ती चालवणारी माणसं मिळत नाहीत. ती तयार करावी लागतात.

बोर्डन यांनी ड्युई आणि कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत तयार केली. पण बडोद्याचं खरं वेगळेपण कपाटाबाहेर होतं. ज्या गावात ग्रंथालय नाही, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याचा एक स्वतंत्र विभाग होता आणि तो मॅजिक लँटर्न व सिनेमाचे खेळ दाखवायचा. निरक्षर माणूसही ग्रंथालयाचा वाचक, ही कल्पना आजही धाडसी वाटते!

गावातल्या ग्रंथालयाचा खर्च एकटं सरकार उचलत नसे. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, की पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालत. १९१२ पासून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिकही निघालं. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूर असे. बोर्डन १९१३ मध्ये मायदेशी परतले, तरी खातं चालू राहिलं.

महाराष्ट्रात आज काय आहे?

इथे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. 'अ' ते 'ड' अशा वर्गांत ग्रंथालयांची विभागणी होते आणि त्यानुसार अनुदान मिळतं. ग्रंथपालाचा पगारही त्यातूनच निघतो. लहान गावातलं ग्रंथालय दिवसातले काही तासच उघडं असतं, त्यामुळे तो पगार किती असेल याचा अंदाज करता येतो.

ग्रंथपाल होण्यासाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. त्यात वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकवलं जातं, आणि ते यायलाच हवं. पण टेबलासमोर येणारा माणूस कादंबरीच मागेल असं नाही. कुणाला स्पर्धा परीक्षेची जाहिरात समजून घ्यायची असते, कुणाला शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, कुणाला सातबारा कुठून काढायचा हे विचारायचं असतं. ग्रंथपालाला हे माहीत नसेल, तर तो माणूस पैसे मोजून सायबर कॅफेत जातो.