बेने इस्रायल : सिनेगॉगमधील सण

बेने इस्रायल हा कोकणातून मुंबई, ठाणे, पुणे भागांत पसरलेला मराठीभाषक ज्यू समाज. त्याचे सण मुळात घरचे. आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तेलघाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या या ‘शनिवार तेल्यां’जवळ दीर्घकाळ ना सिनेगॉग होते, ना हिब्रू पोथ्या. तरी सण पाळले जात, तेही मराठी नावांनी : खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, दारफळणीचा सण. शेवटचा म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपवास. पांढरे कपडे घालून, दारे लावून कुटुंब दिवसभर उपाशी घरात बसे. परक्याशी संपर्क नसे. दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’ला दानधर्म आणि भेटीगाठी होत.

1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, ‘शाअर हारहमीम’, उभारले. अलिबागचे ‘मागेन अबोथ’ 1848 चे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थनाविधी शिकवले. पेसाह सणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी हागादा ही पोथी 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. सणांचे रूप यामुळे पालटले. पूर्वी दार लावून घरात बसणारा माणूस योम किप्पूरचा अख्खा दिवस आता सिनेगॉगमध्ये काढतो.

समाजात राब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, क्वचितच असत. प्रार्थना हजान चालवतो. सणाच्या दिवशी तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी (सेफेर तोरा) ठेवलेल्या हेखाल या कपाटाची दारे उघडणे, सेफेर तोरा उचलणे अशा मानांचा लिलाव होतो. बोली मराठीत लागते आणि रक्कम सिनेगॉगच्या खर्चाला जाते. प्रार्थनागृहात लिलाव ऐकून पाहुणा बिचकतो. पण वर्गणी मागत फिरण्यापेक्षा ही रीत सोयीची ठरली आहे. सुक्कोथ या मांडवांच्या सणाला आवारात झावळ्यांचा मांडव घालून त्यात फळे टांगतात. सिम्हाथ तोरा या सणाला सेफेर तोरा हाती घेऊन फेर धरतात. मुंबईत त्या रात्री एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात जाण्याची चाल आहे.

मलिदा हा विधी मात्र राब्बींच्या ग्रंथांतून आलेला नाही. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे स्मरण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाच्या खुणा असल्याची श्रद्धा आहे. तू बिश्वात या वृक्षांच्या सणाला तेथे भाविक जमतात.

1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. कोकणातील सिनेगॉगमध्ये ती संख्या जमवणेच आता अवघड झाले आहे. अश्दोद, लोद, रामला येथे स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांनी स्वतःची सिनेगॉग स्थापली असून मलिदाही तेथे होतो.